टायरवरचे दोन ठिपके

चाक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्तुळ उभे राहते. भूमितीच्या तासाला वर्तुळ शिकवताना उदाहरणही आपण बहुधा चाकाचेच देतो. प्रत्यक्षात मात्र मोटारीचा कोणताही टायर वर्तुळाच्या व्याख्येत तंतोतंत बसत नाही. तो सगळीकडे सारखा गोल नसतो आणि सगळीकडे सारखा जडही नसतो. हा फरक अगदी थोडा असतो, काही ग्रॅमचा किंवा मिलिमीटरच्या काही भागाचा. पण चाक सेकंदाला दहा-पंधरा फेरे घेऊ लागले की एवढासा फरकही स्टिअरिंग धरलेल्या हातांना जाणवतो.

असे का होते? टायर म्हणजे रबराचे एकसंध कडे नव्हे. सर्वांत आत हवा धरून ठेवणारा थर, त्यावर धाग्यांचा थर, त्यावर पोलादी तारांचे पट्टे, दोन्ही बाजूंना भिंतींचे रबर आणि सर्वांत वर जमिनीला टेकणारे नक्षीचे रबर, अशी त्याची रचना असते. यातील बहुतेक थर पट्ट्यांच्या रूपात एका फिरत्या ढोलावर गुंडाळतात आणि पट्टीची दोन टोके एकमेकांना जोडतात. जेथे टोकावर टोक चढते तेथे जाडी किंचित वाढते. नंतर हा कच्चा टायर साच्यात घालून उष्णता व दाब देतात. रबर पक्के होते, पण सांध्यांच्या जागचा फरक पुरता नाहीसा होत नाही.

कारखान्याला हे ठाऊक असते. म्हणून तेथे टायर मोजला जातो आणि बऱ्याच कंपन्या मोजणीचा निष्कर्ष टायरच्या बाजूवर रंगीत ठिपक्याने नोंदवतात. पिवळा ठिपका वजनाविषयी सांगतो आणि तांबडा गोलाईविषयी. वजनाचा तोल आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, हेच या लेखात आपण पाहणार आहोत. पण ठिपक्यांकडे वळण्यापूर्वी शेजारची अक्षरे वाचायला हवीत, कारण टायर रिमवर बसवताना पहिला प्रश्न तोलाचा नसतो, मापाचा असतो.

बाजूवरची अक्षरे

एका साध्या प्रवासी मोटारीचा टायर घेऊ. त्यावर रोमन लिपीत जे लिहिलेले असते ते देवनागरीत असे होईल: १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. या बांधणीत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, त्रिज्येच्या दिशेने जातात. १५ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशेब एकत्र नांदतात! ८८ हा भाराचा क्रमांक आहे. तो किलोग्रॅममध्ये नसतो, कोष्टकात पाहावा लागतो. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलोग्रॅम. शेवटचे ‘एच’ हे वेगाचे अक्षर. त्याचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

यावरून चाकाची त्रिज्या काढता येते. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या जवळजवळ ३१ सेंटिमीटर. हा आकडा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

बाजूवर आणखीही मजकूर असतो. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतील, तर ती जन्मतारीख समजावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘रोटेशन’ हा शब्द आणि बाण असेल, तर चाक पुढे जाताना बाणाच्याच दिशेने फिरले पाहिजे. अशा टायरची नक्षी पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना फेकण्यासाठी कोरलेली असते. ‘आउटसाइड’ असे लिहिलेली बाजू गाडीच्या बाहेरच आली पाहिजे. भारतात मोटारींच्या टायरांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश २००९ साली निघाला. ते चिन्हही येथेच सापडते.

कड बसताना

टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचे वेटोळे असते. गॅरेजमध्ये या कडेला ‘बीड’ म्हणतात. ही तार ताणत नाही, आणि म्हणूनच टायर रिमवर टिकून राहतो. पण ताणत नाही तर तो रिमच्या उंच कडेवरून आत जातो कसा? रिमच्या मध्यभागी एक खोलगट चर असते. टायरच्या कडेचा एक भाग त्या चरीत ढकलला की समोरच्या भागाला तेवढी मोकळीक मिळते आणि तो रिमच्या कडेवरून आत सरकतो. ज्यांनी सायकलचे पंक्चर घरी काढले आहे त्यांच्या बोटांना ही युक्ती माहीत असेल.

टायर आत गेल्यावर हवा भरली की कडा चरीतून निघून रिमच्या बैठकीवर चढतात आणि ‘फट्‌’ असा आवाज होतो. त्याआधी कडांना साबणाचे पाणी किंवा खास वंगण लावतात. घर्षण कमी झाले की कड सगळीकडे सारखी बसते. कोरडी कड एका बाजूला अडकली, तर चांगला टायरसुद्धा रिमवर वाकडा बसतो आणि मग कोणतेही ठिपके जुळवून उपयोग होत नाही.

आता धोक्याची गोष्ट. मोटारींच्या अनेक टायरांवर इशारा असतो की कड बसवताना हवेचा दाब ४० पौंडांच्या, म्हणजे चौरस इंचाला ४० पौंड या मर्यादेच्या वर नेऊ नये. हा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलोग्रॅम-भार होतो. आपल्या टायरच्या एका बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ काढू. बाहेरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, आतली १९. म्हणून क्षेत्रफळ ३.१४ × (९६१ − ३६१), म्हणजे सुमारे १८८० चौरस सेंटिमीटर. त्याला २.८ ने गुणले की ५२०० किलोग्रॅमच्या वर उत्तर येते. पाच टनांहून अधिक बल भिंतीला बाहेर ढकलत असते आणि कडेतील तारेला ते पेलावे लागते.

चुकीच्या मापाच्या रिमवर हीच तार तुटू शकते. अमेरिकेत हलक्या मालमोटारींसाठी १६ इंच आणि साडेसोळा इंच असे दोन्ही व्यासांचे रिम प्रचारात होते. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर कसाबसा चढतो, पण त्याची कड बैठकीवर काही केल्या बसत नाही. कारागिराला वाटते, थोडी हवा आणखी भरली की बसेल. तो हवा भरत जातो, तार तुटते आणि टायर फुटतो. अशाच एका अपघातात जखमी झालेल्या कारागिराच्या दाव्याचा निकाल टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. त्या टायरवर इशाऱ्याची चिठ्ठी होती. तरीही, अधिक सुरक्षित रचनेची कड बनवणे शक्य असताना केवळ इशारा देऊन निर्मात्याची जबाबदारी संपत नाही, असा तो निकाल होता. आपल्यापुरता बोध असा, की कड बसत नसेल तर आधी हवा सोडावी आणि टायर व रिम या दोहोंवरचे आकडे पुन्हा वाचावेत.

पिवळा ठिपका: वजन

माप जुळले, आता तोल. पिवळा ठिपका टायरची सर्वांत हलकी बाजू दाखवतो. तो रिमवरच्या व्हॉल्व्हसमोर आणून टायर बसवतात. व्हॉल्व्हमुळे रिमची ती बाजू थोडी जड झालेली असते. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत हवेचा दाब सांगणारे एक छोटे यंत्र व्हॉल्व्हच्या मागे बसवलेले असते. त्याचे वजन वीस ते चाळीस ग्रॅम भरते. टायरची हलकी बाजू रिमच्या जड बाजूपाशी आली की दोन्ही उणिवा परस्परांना भरून काढतात.

समजा, रिम व्हॉल्व्हपाशी ३५ ग्रॅम जड आहे आणि टायर ठिपक्यापाशी तेवढ्याच अंतरावर मोजल्यास २५ ग्रॅम हलका आहे. ठिपका व्हॉल्व्हपाशी आणला तर उरलेला फरक १० ग्रॅम. तोच टायर उलटा, म्हणजे ठिपका व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या टोकाला ठेवून बसवला, तर फरक ६० ग्रॅम. टायर तोच, रिम तीच, माणूसही तोच. फरक फक्त अर्ध्या वळशाचा.

राहिलेल्या ग्रॅमांचे एवढे काय, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना गणित करू द्यावे. रिमच्या कडेला, केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम जास्त आहेत असे धरू. फिरणाऱ्या चाकावर त्यामुळे पडणारी ओढ वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग या सूत्राने मिळते. कोनीय वेग म्हणजे गाडीचा वेग भागिले टायरची ३१ सेंटिमीटर त्रिज्या. उत्तरे अशी येतात:

ताशी ३६ किलोमीटर: सेकंदाला ५ फेरे, ओढ सुमारे ०.४ किलोग्रॅम-भार.
ताशी ७२ किलोमीटर: सेकंदाला १० फेरे, ओढ सुमारे १.६ किलोग्रॅम-भार.
ताशी १०८ किलोमीटर: सेकंदाला १५ फेरे, ओढ सुमारे ३.६ किलोग्रॅम-भार.

वेग दुप्पट तर ओढ चौपट, वेग तिप्पट तर ओढ नऊपट. वीस ग्रॅमचा तुकडा साडेतीन किलोच्या हातोड्यासारखा सेकंदाला पंधरा वेळा आसाला वर-खाली हिसडे देत असतो. समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला हीच ओढ साडेचार किलोच्या घरात जाते आणि तासन्‌तास चालू राहते.

यात अनुस्पंदनाची भर पडते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत झोका दिला की तो उंच जातो. मोटारीचे चाक आणि आस यांचीही अशी लय असते. ती सर्वसाधारणपणे सेकंदाला दहा ते पंधरा आंदोलनांची. म्हणजे ताशी ७० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान चाकाचे फेरे या लयीशी जुळतात. म्हणूनच तोल बिघडलेली गाडी शहरात शांत असते, महामार्गावर एका ठरावीक वेगाला थरथरू लागते आणि वेग आणखी वाढवला तर कधीकधी थरथर कमीही होते. थरथर थांबली म्हणून दोष गेला असे मात्र समजू नये. टायर जागोजागी झिजत राहतो आणि बेअरिंगांवर ताण पडतच असतो.

तांबडा ठिपका: गोलाई

तांबड्या ठिपक्याची गोष्ट निराळी आहे. हवा भरलेला टायर ही एक स्प्रिंगच असते. कारखान्यात टायर एका ढोलावर ठरावीक भाराने दाबून फिरवतात आणि तो ढोलाला किती बलाने परत ढकलतो ते मोजतात. जेथे टायर उंच किंवा ताठर असतो, तेथे बल वाढते. एका फेऱ्यातील हे बल जेथे सर्वांत जास्त भरते, तेथे तांबडा ठिपका देतात.

रिमही पूर्ण गोल नसते. काही रिमवर सर्वांत सखल जागी ठिपका किंवा छोटा खळगा केलेला असतो. तांबडा ठिपका त्या खुणेसमोर आणायचा. समजा, टायर एके ठिकाणी अर्धा मिलिमीटर उंच आहे आणि रिम एके ठिकाणी अर्धा मिलिमीटर सखल आहे. उंच भाग सखल भागावर आला तर चाक जवळजवळ गोल होते. उंचावर उंच आला तर एक मिलिमीटरचा उंचवटा तयार होतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा उंचवटा शिशाचे किंवा जस्ताचे वजन लावून जात नाही. वजनाची ओढ वेगाबरोबर वाढते. उंचवटा मात्र गाडी हळू चालत असतानाही प्रत्येक फेऱ्याला आस उचलतो. म्हणूनच कधीकधी यंत्रावर ‘शून्य’ दाखवणारे चाक रस्त्यावर हादरे देत राहते. गाडीचा मालक पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, यंत्र पुन्हा शून्य दाखवते आणि दोघेही चक्रावतात. यंत्र खोटे बोलत नसते. त्याला वजन विचारले, त्याने वजन सांगितले. गोलाई कोणी विचारलीच नव्हती. अशा वेळी टायर रिमवर अर्धा वळसा फिरवून बसवून पाहणे, हा कमी खर्चाचा पहिला उपाय आहे.

टायरवर दोन्ही ठिपके असतील आणि रिमवर सखल जागेची खूणही असेल, तर तांबड्या ठिपक्याला आधी मान द्यावा. कारण वजनातील फरक नंतर तुकडे लावून भरून काढता येतो, गोलाईतील फरक येत नाही. रिमवर खूण नसेल तर पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणावा. सर्व कंपन्यांचे रंगांचे संकेत एकच असतील असे नाही, म्हणून शंका असल्यास निर्मात्याची पुस्तिका पाहावी. शिवाय हे ठिपके नव्या टायरसाठीच असतात. टायर झिजला की त्याची हलकी आणि उंच जागा बदलते, आणि तोवर ठिपकेही पुसले गेलेले असतात.

यंत्र काय करते

ठिपके जुळवले तरी काही ग्रॅमचा फरक उरतोच. तो यंत्रावर शोधतात. यंत्राच्या दांड्यावर चाक बसवून फिरवले की दांड्याच्या आधारावर पडणारी ओढ आणि तिची दिशा मोजली जाते. मग कोठे किती ग्रॅम लावायचे ते पडद्यावर दिसते. आतल्या कडेला वेगळा आकडा आणि बाहेरच्या कडेला वेगळा, असे दोन आकडे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

त्याचे उत्तर असे: चाकाला रुंदी असते. समजा, आतल्या बाजूला वरती २० ग्रॅम जास्त आहेत आणि बाहेरच्या बाजूला खालती तेवढेच. असे चाक आसावर टांगले तर कोठेही स्थिर राहील, कारण वर आणि खाली वजन सारखे आहे. पण ते फिरू लागले की आतली ओढ एकीकडे आणि बाहेरची ओढ विरुद्ध बाजूला, अशा बलयुग्मामुळे चाक डुलू लागते. हा दोष स्थिर चाकात दिसत नाही, फिरत्या चाकातच दिसतो. म्हणून दोन्ही कडांचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.

पूर्वी ही वजने सर्रास शिशाची असत. रस्त्यावर गळून पडलेले शिसे चाकांखाली भरडले जाऊन धुळीत मिसळते. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींसाठी ती बंद केली. तेव्हापासून जस्ताच्या आणि पोलादाच्या तुकड्यांचा वापर वाढला. आणखी एक खुलासा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन गोष्टी नेहमी एकत्र बोलल्या जातात, पण अलाइनमेंट म्हणजे चाके गाडीला कोणत्या कोनात जोडली आहेत याची दुरुस्ती. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटचा संशय घ्यावा, थरथरत असेल तर तोलाचा किंवा गोलाईचा.

वर्गात करून पाहा

यासाठी यंत्राची गरज नाही, सायकल पुरे. सायकल उलटी करून बैठक व हँडलवर उभी करावी आणि पुढचे चाक हलकेच फिरवून सोडावे. थांबण्यापूर्वी ते लंबकासारखे मागे-पुढे झुलेल आणि जड बाजू खाली घेऊन स्थिर होईल. बहुधा व्हॉल्व्ह किंवा चकाकणारा परावर्तक तळाशी आलेला दिसेल. आता बरोबर समोरच्या बाजूला रिमवर शाडूची गोळी चिकटवावी. गोळी कमी-जास्त करत गेले की अशी वेळ येते, की चाक कोठेही सोडले तरी तेथेच थांबते. वजनाचा तोल साधला.

मग पुस्तकांच्या चळतीवर एक खडू टायरला जेमतेम लागेल असा घट्ट ठेवून चाक सावकाश फिरवावे. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटणार नाही. जेथे टायर उंच आहे तेथेच उमटेल. तोल साधलेले चाक गोल असेलच असे नाही, हे विद्यार्थ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. चाक फिरत असताना आऱ्यांजवळ बोटे नेऊ नयेत, एवढी सूचना आधीच द्यावी.

त्यानंतर शाळेजवळ उभ्या असलेल्या मोटारींच्या टायरांवरचे आकडे वहीत उतरवून घ्यायला सांगावे. त्यावरून प्रत्येक चाकाचा परीघ आणि एका किलोमीटरमधील फेरे काढता येतात. आपल्या उदाहरणातील चाक सुमारे ५१२ फेरे घेते. रिमच्या कडेला अडकवलेला किंवा आतून चिकटवलेला धातूचा छोटा तुकडा बहुतेक चाकांवर सापडेल. टायर आणि रिम यांची जोडी बसवल्यावर किती ग्रॅमची उणीव उरली होती, ते त्या तुकड्यावरच लिहिलेले असते.